मिसळणे सोपे, निवडणे अवघड

(पुनावळे येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय तसा शाळेतला आहे. मिश्रणे किती प्रकारची असतात आणि ती वेगळी कशी करावीत, हा तो विषय. नाव जड आहे, पण घाबरू नका. हे काम तुम्ही रोजच करता. तांदूळ निवडता, पीठ चाळता, चहा गाळता, शेतावर धान्य उफणता. तुमच्या हातांना हे सगळे ठाऊक आहे. आम्ही फक्त त्याला नावे देणार आहोत.

नाव देऊन काय मिळते? एका कामातली युक्ती दुसऱ्या कामाला लावता येते. स्वयंपाकघरातली युक्ती शेतात चालते, शेतातली कारखान्यात चालते. तेवढ्यासाठी हे व्याख्यान. आणि शेवटी आम्ही तुमच्याकडे एक गोष्ट मागणार आहोत. पैसे नाही मागणार, बरं का! काय मागणार ते मागाहून सांगू.

मिश्रण म्हणजे काय?

दोन किंवा जास्त जिनसा एकत्र आल्या, पण कुणीही आपला गुण सोडला नाही, तर त्याला मिश्रण म्हणायचे. तांदळात खडा आला. तांदूळ तांदूळच राहिला, खडा खडाच राहिला. पाण्यात मीठ टाकले. मीठ दिसेनासे झाले, पण पाणी खारट लागते. म्हणजे मीठ आहे, ते कुठे गेलेले नाही. दोन्ही मिश्रणेच.

आता गंजाची गोष्ट बघा. लोखंडाचा खिळा ओल्या जागी पडून राहिला की त्याच्यावर गंज चढतो. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि ओल यांच्यापासून तांबूस, भुसभुशीत असा निराळाच पदार्थ तयार होतो. तो पाखडला, चाळला, गाळला, तरी त्यातून लोखंड परत मिळत नाही. म्हणून गंज हे मिश्रण नव्हे. शाळेत त्याला संयुग म्हणतात. संयुग मोडायला भट्टीसारखे मोठे उपाय लागतात. मिश्रण मोडायला बहुतेक वेळा युक्ती पुरते. आज आपण मिश्रणाचेच बोलू.

मिश्रणाचे तीन प्रकार

पहिला प्रकार, डोळ्याला दिसणारे मिश्रण. गव्हात खडे, ज्वारीत भुसा, पिठात कोंडा. डोळ्याने बघा, दोन जिनसा ओळखू येतात.

दुसरा प्रकार, गढूळ मिश्रण. पावसाळ्यातले नदीचे पाणी घ्या. मातीचे बारीक कण त्यात तरंगत असतात. पाणी आरपार दिसत नाही. दूधही याच जातीचे. ते पांढरेशुभ्र, एकसारखे दिसते. पण दूध म्हणजे मुख्यतः पाणीच, आणि त्या पाण्यात स्निग्धाचे अगदी बारीक थेंब विखुरलेले. दूध शांत ठेवले की हे हलके थेंब हळूहळू वर येतात. तापवलेल्या दुधाच्या सायीत हाच स्निग्ध अंश असतो.

तिसरा प्रकार, एकजीव मिश्रण. मिठाचे पाणी, साखरेचे पाणी, पितळ, हवा. पितळेत तांबे आणि जस्त असते, पण पितळेच्या तांब्याकडे बघून कुणाला ते दोन धातू वेगळे दिसतात का? हवेतही अनेक वायू आहेत. शंभर भागांत सुमारे 78 भाग नायट्रोजन, सुमारे 21 भाग प्राणवायू, आणि उरलेल्या एका भागात बाकी सगळे. पण हवा ही आपल्याला एकच वाटते.

शाळेच्या पुस्तकात पहिल्या दोन प्रकारांना मिळून विषमांगी मिश्रण म्हणतात, आणि तिसऱ्याला समांगी. नातवंडांच्या पुस्तकात हे शब्द दिसले तर आता तुम्हीच त्यांना अर्थ सांगा.

किल्ली एकच: फरक शोधा

कुठलेही मिश्रण पुढे आले की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. यातल्या जिनसांत फरक कशाचा आहे? फरक सापडला की युक्ती सापडली.

रंगरूपात फरक असेल तर हाताने निवडायचे. तांदळातला खडा आपण असाच काढतो.

आकारात फरक असेल तर चाळायचे. बारीक ते खाली, जाड ते वर. गवंडी वाळू चाळतो आणि घरात पीठ चाळतात, दोन्हीत तत्त्व एकच.

वजनात फरक असेल तर वाऱ्याला कामाला लावायचे. खळ्यावर वावडीवर उभे राहून धान्य उफणताना तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिले असेल, केलेही असेल. हलका भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो, जड दाणा पायाशी पडतो. सुपात पाखडतानाही तेच घडते. आता मळणीयंत्र आले. त्यात पंखा बसवलेला असतो. वारा माणसाने केला, एवढाच बदल.

वजनाचाच फरक पाण्यातही ओळखता येतो. आपल्या मावळात भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून निवडतात. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे. त्यात बियाणे ओतून ढवळायचे आणि मग स्थिर होऊ द्यायचे. पोकळ, रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. भरीव दाणे तळाशी बसतात. ते चांगल्या पाण्याने दोनतीन वेळा धुऊन सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. साध्या पाण्यातही काही दाणे तरंगतात. मग मीठ कशाला? मिठाने पाणी जड होते. त्यामुळे थोडा हलका दाणाही वर येतो आणि निवड अधिक कडक होते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आपण आवडीने खातो. बियाणे कितीही नामांकित असले तरी पोकळ दाणा रुजत नाही. निवड ही पेरणीच्या आधी करायची असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

लोखंड असेल तर चुंबक लावायचा. दाण्याबरोबर खिळा, तार येऊ नये म्हणून पिठाच्या गिरणीत दाण्याच्या वाटेवर चुंबक बसवतात. भोसरी, चाकणकडे वर्कशॉपात काम करणारे आपल्या वर्गात बरेच आहेत. लोखंडाचा कीस आणि ॲल्युमिनियमचा कीस एकत्र झाला, तर काय करता? चुंबक फिरवता. लोखंड त्याला चिकटते, ॲल्युमिनियम खाली राहते. निवडलेल्या भंगाराचा भाव वेगळा आणि मिसळलेल्या भंगाराचा वेगळा, हेही तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

गढूळ पाणी नितळ कसे होते?

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. आपली पवना नदी घ्या. मावळातल्या पवना धरणातून सोडलेले पाणी नदीतून खाली येते. रावेतच्या बंधाऱ्यापाशी ते उचलतात आणि निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. तिथे त्याचे काय होते?

पावसाळ्यात पाण्यात मातीचे फार बारीक कण असतात. हंडा भरून ठेवला तर जाड गाळ तळाशी बसतो. याला निवळणे म्हणतात. पण अगदी बारीक कण दुसऱ्या दिवशीही तरंगतच राहतात. ते इतके हलके की खाली बसायलाच तयार नाहीत. मग तुरटी फिरवायची. तुरटीमुळे हे सुटे कण एकमेकांना चिकटतात. त्यांचे गुठळे होतात. गुठळा जड, म्हणून तो खाली बसतो. आमच्या आजीच्या पिढीने हंड्यात तुरटी फिरवली. शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखेच द्रव्य मोठ्या टाक्यांत घालतात. गुऱ्हाळातही हीच युक्ती आहे. उसाच्या उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. मळी एकत्र होऊन वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकता येते.

गाळ बसला की वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. आणि सर्वांत शेवटी त्यात क्लोरीन घालतात.

आता इथे एक मावशी विचारतील, "मास्तर, पाणी गाळून नितळ झाले. मग क्लोरीन कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे! रोगाचे जंतू इतके लहान असतात की ते असले तरी पाणी स्वच्छ दिसू शकते. घरच्या फडक्यातून तर ते सहज पार होतात. 2025 सालच्या जानेवारीत पुण्याजवळ सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी या भागांत बऱ्याच लोकांना अचानक हातापायांतली शक्ती जाण्याचा आजार झाला. जीबीएस असे त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. दूषित पाण्याचा संशय धरला गेला आणि लोकांना पाणी उकळून पिण्यास सांगण्यात आले. पाणी दिसायला कसे आहे यावर कुणी जाऊ नये. टँकरचे असो, बोअरचे असो, नळाचे असो, संशय आला की खळखळ उकळी फुटू द्या. उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर तसेच उकळू द्या. गाळण्याने माती जाते. जंतू मारायला उकळणे किंवा क्लोरीन लागते.

एकजीव झालेले कसे सोडवायचे?

मिठाचे पाणी फडक्यातून गाळा. मीठ फडक्यावर राहील का? नाही राहणार. वाळूतून गाळा, तरी पाणी खारटच. ठेवून द्या, मीठ तळाशी बसत नाही. मग फरक कुठे शोधायचा? तापवून बघायचे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. एवढा फरक पुरे आहे.

कोकणातली मिठागरे याच तत्त्वावर चालतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते पाणी उथळ वाफ्यांत घेतात. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात आणि मीठ मागे राहते. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 साली मोठा मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ काढायला जळण लागत नाही, ऊन फुकट मिळते. पण वेळ लागतो आणि घाम गाळावा लागतो.

यात मीठ मिळाले, पाणी मात्र उडून गेले. पाणीही हवे असेल तर? वाफ धरायची आणि थंड करायची. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचला, आतून पाण्याचे थेंब गळतात. ते पाणी वाफेचे. त्यात मीठ नसते. याला शाळेत ऊर्ध्वपातन म्हणतात. पाणी परत मिळते, पण जळण किती जळते ते बघा. एकजीव झालेले सोडवायचे म्हणजे काहीतरी खर्ची पडतेच.

हवेचेही तसेच. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी माणसे कशी धावत होती, ते आपण कुणी विसरलेलो नाही. हवा तर आपल्या चहूकडे होती, आणि तिचा पाचवा हिस्सा प्राणवायूच. तरी माणसे तडफडली, कारण तो वेगळा काढलेला हवा होता. मोठे कारखाने हवा अतिशय थंड करून तिचा द्रव करतात. नायट्रोजन शून्याखाली 196 अंशांवर उकळतो, प्राणवायू शून्याखाली 183 अंशांवर. तेरा अंशांचा हा फरक, त्याच्या जोरावर दोन वायू वेगळे करतात. त्या साली कितीतरी दवाखान्यांत दुसऱ्या प्रकारची यंत्रे बसली. त्यांत एक खास दाणेदार पदार्थ असतो. तो दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि प्राणवायू पुढे जाऊ देतो. म्हणजे ही एक प्रकारची चाळणीच झाली. पण ही चाळणी चालवायला वीज, यंत्र आणि जाणकार माणूस लागतो.

जिथे युक्ती हरते

आता आम्ही मुद्द्यावर येतो. खडा निवडायला दोन बोटे लागतात. माती बसवायला तुरटी लागते. मीठ काढायला ऊन किंवा जळण लागते. प्राणवायू काढायला कारखाना लागतो. जिनसा जितक्या जास्त एकजीव होतात, तितके निवडणे महाग होत जाते. आणि एक वेळ अशी येते की घरात बसून काही करताच येत नाही.

1998 साली दिल्लीत काय झाले ते ऐका. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. ते खाऊन हजारो माणसांच्या अंगाला सूज आली. साठाच्या आसपास माणसे दगावली. हा पिवळा धोत्रा पडीक रानात उगवतो. काटेरी पाने, पिवळे फूल, आणि काळ्या बारीक बिया, मोहरीसारख्या. मोहरीत या बिया आल्या, तर त्या मोहरी असेपर्यंतच निवडता येतात. शेतातून झाड उपटले तर त्याहून सोपे. पण एकदा घाण्यातून तेल निघाले की दोन्ही तेले एकजीव. मग कढईपुढे उभी असलेली बाई काय निवडणार? चाळणीने होत नाही, गाळून होत नाही, उकळून विष जात नाही.

बघा हं, जिनसा त्याच. बियांत असताना चाळणीने काम झाले असते. तेलात उतरल्यावर माणसे गेली. म्हणून तर भाताच्या बियाण्याच्या वेळी ते वाक्य सांगून ठेवले होते. निवड आधी करायची असते.

दुधात पाणी मिसळणे तर सर्वांना ठाऊक आहे. मिसळायला तांब्याभर पाणी आणि एक क्षण पुरतो. लॅक्टोमीटर लावून पाणी ओळखता येते, पण ते घरच्या घरी दुधातून काढून टाकता येत नाही.

नदीचेही तसेच झाले आहे. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आल्याची चित्रे गेल्या काही वर्षांत वारंवार छापून आली. नदीत पडलेली काठी काढता येते. माती बसवता येते. पण साबणाचे पाणी आणि कारखान्याचे रसायन पाण्यात विरघळले की ते एकजीव झाले. ते सोडवायला पैसा, वीज आणि यंत्र लागते, आणि तरी सगळे सुटेलच असे नाही. नदीत पडण्याआधी, नाल्याच्या तोंडाशी किंवा कारखान्याच्या आत, ते अडवणे कितीतरी स्वस्त.

आता आपल्या गावाकडे

आपले पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले. तेव्हा इथे शेते होती. आज हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती आहेत. माणसे वाढली, तसा कचराही वाढला. आणि कचरा हे आपल्या घरातले सर्वांत मोठे मिश्रण आहे.

या गावी कचरा डेपो करायचे बरीच वर्षे घाटत होते. वनखात्याची जागा त्यासाठी राखून ठेवलेली होती. 2023 साली गावकरी आणि इमारतींत राहायला आलेली मंडळी एकत्र आली आणि त्यांनी जोराने विरोध केला. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सरकारच्या वतीने हा डेपो रद्द करत असल्याचे सांगण्यात आले. गावाला आनंद झाला. होणारच. घराजवळ घाण, माशा आणि धूर कुणाला हवा असतो?

पण मंडळी, एक प्रश्न उरतोच. डेपो रद्द झाला, कचरा रद्द झाला का? आपल्या शहरात रोज हजार टनांहून जास्त कचरा निघतो. तो आजही कुठेतरी जातो. 1991 सालापासून तो मोशीला जात आला आहे. मोशी हेही आपल्यासारखेच गाव. तिथेही आयाबहिणी स्वयंपाक करतात, तिथेही लेकरे श्वास घेतात. आपल्या वेशीवर नको म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. पण त्या हक्काबरोबर एक काम येते. आपण मोशीला काय पाठवतो आणि कसे पाठवतो, ते बघण्याचे.

मोशीला कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प आहे. 1 ऑगस्ट 2023 रोजी त्याचे उद्घाटन झाले. 14 मेगावॉट वीज करण्याची त्याची क्षमता आहे. आता तुम्हीच सांगा, ओले जळण चुलीत घातले तर काय होते? धूर होतो आणि चूल विझते. सुक्या कचऱ्यात आमटी, भाजीची देठे, उष्टे अन्न मिसळले की त्याचेही तेच होते. आधी त्यातले पाणी उडवण्यात उष्णता खर्च होते.

आणि ओल्या कचऱ्याचे काय होते? तो वेगळा ठेवला तर त्याचे खत होते, गॅस होतो. शेणाचा होतो तसाच. पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ढिगात टाकला, तर त्याला हवा मिळत नाही. तो आत कुजतो. त्यातून काळे पाणी झिरपते आणि मातीत, विहिरीत उतरते. त्यातून मिथेन नावाचा पेट घेणारा वायू सुटतो. म्हणून कचऱ्याच्या ढिगांना आगी लागतात. भाजीची देठे चांगली आणि प्लास्टिकची पिशवीही कामाची. दोघांची गाठ मारली की दोन्ही वाया.

शेवटी हे निवडते कोण? यंत्रे काही निवडतात. बाकीचे माणूस निवडतो, हाताने. आपण दोन बोटांनी जे वेगळे ठेवले नाही, ते दुसरा कुणीतरी घाणीत हात घालून वेगळे करतो. त्यात फुटलेली काच असते, इंजेक्शनची सुई असते. हात कुणाचा कापतो? टाकणाऱ्याचा नाही कापत.

आमचे मागणे

आता ती मागायची गोष्ट. प्रत्येक घराने कचरा चार ठिकाणी ठेवावा. केंद्र सरकारच्या 2016 सालच्या नियमांनीही कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी घराघरावर टाकली. पण नियम आहे म्हणून करा असे आम्ही म्हणत नाही. समजून करा.

पहिला डबा ओल्याचा. देठे, साली, उष्टे, चहाचा चोथा, निर्माल्य. यात प्लास्टिक घालायचे नाही.

दुसरा सुक्याचा. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, डबे, चिंध्या. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून यात टाकावी.

तिसरे, लहान मुलांचे डायपर आणि बायकांचे पॅड. ते जुन्या कागदात नीट गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही. उघडे टाकून दुसऱ्याला त्याला हात लावायला लावणे, ही खरी लाजेची गोष्ट.

चौथे धोक्याचे. सुई, ब्लेड, फुटका बल्ब, सेल, जुनी औषधे, औषध फवारणीच्या बाटल्या. यांसाठी एक जाड खोके कोपऱ्यात, मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवावे.

काही जण म्हणतील, "मास्तर, आम्ही वेगळे करू, पण घंटागाडीत सगळे एकत्रच पडते." असे दिसले तर गप्प बसू नका. गाडीवाल्याला सांगा, नाही ऐकले तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. आता तुम्हाला लिहिता येते! शिकल्याचा उपयोग तो काय? पण आपणच एकत्र करून दिले, तर अर्ज कोणत्या तोंडाने करणार? आपला भाग आपण चोख करावा, मग दुसऱ्याचा मागावा.

घरी करून पाहा

एका बशीत चार जिनसा एकत्र करा. चमचाभर वाळू, चमचाभर मीठ, चिमूटभर लाकडाचा भुसा, आणि वर्कशॉपातला चिमूटभर लोखंडाचा कीस. आता त्या वेगळ्या करा.

आधी कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवा. लोखंड निघेल. मग उरलेले पाण्यात टाकून ढवळा. भुसा वर तरंगेल, तो चमच्याने काढा. वाळू तळाशी बसेल. वरचे पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. ते पाणी मंद आचेवर आटवा. तळाशी पांढरे मीठ दिसेल. हे मीठ खाऊ नका, ते फक्त पाहण्यासाठी.

हे करताना घड्याळ लावा. मिसळायला किती वेळ लागला आणि निवडायला किती, ते वहीत लिहा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की आमचे आजचे सगळे व्याख्यान त्यात आले. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने आपली वही आणावी. आम्ही तपासू.

 

सांगा पाहू

1. मिश्रण आणि गंज यांत फरक काय?
2. मिठाचे पाणी गाळून मीठ वेगळे का होत नाही?
3. नितळ पाणी प्यायलाही धोका का असू शकतो?
4. पिवळ्या धोत्र्याच्या बिया केव्हा निवडता येतात आणि केव्हा येत नाहीत?
5. तुमच्या घरी आज निघालेल्या कचऱ्यातील दहा जिनसा लिहा. प्रत्येकीपुढे ती कोणत्या डब्यात जाईल ते लिहा.